खांद्यावरची केबल

सोमवार, ६ जानेवारी २०२५

सूर्यभान आज कामावर आला. बेचाळीस दिवसांनी. गळ्याच्या डाव्या हाडाखाली पेसमेकर बसवलाय. गेटवरच शर्टाचं बटण काढून सगळ्यांना दाखवला. काड्यापेटीहून जरा लहान, वर कातडी ताणलेली. त्याच्या जोडीचा बजरंग म्हणाला, ह्याला आता चार्जिंगला कुठं लावायचा? सगळे हसले. सूर्यभानही.

धवलसाहेबांना हसू आलं नाही. ते सेफ्टी ऑफिसर. इंजिनिअर, वय एकतीस. डॉक्टरांची चिठ्ठी त्यांच्या टेबलावर होती — कामाच्या जागी चुंबकीय क्षेत्र शंभर मायक्रोटेस्लाच्या खाली असल्याची खात्री करावी. कारण साधं आहे. पेसमेकर हृदयाचे बारीक ठोके ऐकत बसलेला असतो. जवळ मोठा प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत असेल, तर त्यालाच तो ठोके समजण्याची शक्यता. मग हृदय चालू आहे असं समजून स्वतः गप्प बसायचा.

आणि सूर्यभानचं काम काय? स्पॉट वेल्डिंग. गन हातात धरायची, पत्र्याला चिमटा लावायचा, बटण दाबायचं. पाव सेकंद आठ हजार अँपिअर. पाळीला अकराशे स्पॉट.

साहेब म्हणाले, गनवर घेता येणार नाही, दुसरी जागा नाही, ठेकेदाराला कळवतो. म्हणजे घरी. सोळा वर्षं एकाच गनवर, पण माणूस ठेक्यावरचा. तीन ठेकेदार बदलले, हा बदलला नाही. घरी म्हणजे पाथर्डीच्या पुढं, आणि पुन्हा कोयता. बाविशीपर्यंत आईबापांबरोबर ऊसच तोडलाय त्याने. सुप्याला छपराखाली नोकरी मिळालेला त्यांच्या घरातला तो पहिला.

विजेचं सगळं मेंटेनन्स माझ्याकडे. म्हणालो, आधी मापू तरी. मी मापतो.

"तुम्ही? मुळेकाका, त्याला पुण्याहून एजन्सी बोलवावी लागते."

म्हणालो, त्यांचा मीटर माझ्याहून वेगळा नसतो. गाडी वेगळी असते.

मंगळवार, ७ जानेवारी

मापलं. सकाळी ११.२० ते ११.५०.

मीटर माझा स्वतःचा आहे. तिन्ही दिशांचं क्षेत्र एकदम घेतो. एका दिशेचा मीटर असला की लोक तो सोयीचा धरतात आणि एक तृतीयांश आकडा लिहून मोकळे होतात. सकाळी घरून निघण्याआधी तपासला. त्यासाठी मी स्वतः गुंडाळलेल्या दोन कॉइल आहेत, शंभर शंभर वेढ्यांच्या. प्रवाह माहीत असला की मधोमध क्षेत्र किती हवं ते गणिताने निघतं. गणिताने शंभर, मीटरने ९९. केडगावच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात अकरा वर्षं काढली ती फुकट गेली नाहीत. बारावी नापास माणसाला हे कुणी शिकवत नाही. शिकावं लागतं.

स्पॉट पाव सेकंदाचा, म्हणून मीटर सर्वोच्च आकडा धरून ठेवण्यावर लावला. पाऊल, गुडघा, कंबर, छाती, डोकं — प्रत्येक जागी सहा वेळा. तीस मापं. सूर्यभानला म्हणालो, रोज उभा राहतोस तसा उभा राहा. राहिला. शाळेत फोटो काढताना पोरं उभी राहतात तसा — मान ताठ, गन दोन्ही हातांत, गनला प्रवाह देणारी जाड केबल वर बॅलन्सरच्या आकड्याला टांगलेली. बॅलन्सर म्हणजे स्प्रिंगची गोल डबी. गनचं आणि केबलचं वजन ती वरच्यावर तोलते.

बजरंग पलीकडून मला म्हणाला, नाना, छातीचं माप झालं असंल तर बाहीचं पन घ्या, सदरा शिवून टाका.

छातीपाशी ७१. सहाही वेळा ६९ ते ७१ च्या आत. केबल छातीपासून पंचावन्न सेंटिमीटर — टेपने मोजलं.

बुधवार, ८ जानेवारी

केबिनमध्ये बसून अहवाल लिहिला. दोन पानं, हाताने. भिंतीला पाठ आणि डोकं टेकवलं की मला सुचतं, अठरा वर्षांची सवय. कॉम्प्युटरवर लिहिलं की आकड्यांकडे नीट बघितलं जात नाही. शिवाय कॉम्प्युटरशी माझं जुनंच वाकडं. याच टेबलावरचे जुने जाड मॉनिटर मी २००९ मध्ये ओळीने तीन परत पाठवले. चित्र थरथरायचं. दुकानदार म्हणायचा, आमच्याकडे नीट चालतात हो. मी ऐकलं नाही. शेवटी चपटा आला आणि थरथर थांबली. माल खराब असेल तर खराबच म्हणावं.

सोबत वेल्डिंग शॉपमधल्या बासष्ट जागांच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशाही जोडला. मागच्या वर्षी हौसेने केला होता, कुणी मागितला नव्हता. नेहमीच्या कामगाराला आंतरराष्ट्रीय मर्यादा एक हजार आहे, पेसमेकरवाल्याला शंभर, हा फरक लाल शाईने लिहिला. लोक या दोन आकड्यांचा घोळ घालतात.

धवलसाहेबांनी दोनदा वाचलं. मापन करणाऱ्याची शैक्षणिक पात्रता, असा त्यांच्या फॉर्मात रकाना आहे. मी लिहिलं — स्वयंशिक्षित. त्यांनी वर बघितलं, सही केली. नंतर म्हणाले, एजन्सीचा रिपोर्ट इतका स्वच्छ नसतो.

हे वाक्य इथे नोंदवून ठेवतो.

गुरुवार, ९ जानेवारी

सूर्यभान गनवर. पहिली पाळी.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सूर्यभानने सगळ्या शॉपला तिळगूळ वाटला. मला दोन लाडू जास्त दिले. पाया पडायला वाकला, मी खांदा धरून वर केलं. डावाच खांदा हाताला आला. शर्टाखाली काहीतरी जाड लागलं. थंडीचं आत घातलं असेल.

रविवार, १९ जानेवारी

घरी हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. सुप्याहून सूर्यभानची बायको सुरेखा आली होती, एसटीने, मुद्दाम. बायकोने, नीलांबरीने, तिला बराच वेळ बसवून घेतलं.

सगळ्या गेल्यावर नीलांबरी तबक आवरताना सांगत होती. बाई हुशार आहे हो, हात चांगला आहे. नवऱ्याच्या सगळ्या शर्टांना डाव्या खांद्यावर आतून गोधडीचा तुकडा शिवते. ती केबल घासून घासून खांदा फाटतो म्हणे, वर्षाला तीन शर्ट जायचे. आता तिथेच खाली मशीन बसवलंय, म्हणून यंदा तिने दुहेरी शिवलाय. त्याला टोचायला नको.

मी विचारलं, कोणती केबल?

"मला काय विचारता? तुमच्याच कारखान्यातली. तुम्ही नाही का मापून आलात?"

सोमवार, २० जानेवारी

शॉपमध्ये शिरलो. सूर्यभानची केबल आकड्याला. बजरंगची आकड्याला. चौदाच्या चौदा गन बघितल्या, सगळ्या केबली आकड्याला. माझी टोपी पिवळी आहे. ती लांबून दिसते.

मग कॉम्प्रेसर रूमच्या जिन्यावर गेलो. तिथून लाइन दिसते, लाइनवरून जिना दिसत नाही. टोपी काढून ठेवली.

सूर्यभानचे चाळीस स्पॉट मोजले. चाळीसही खांद्यावरून. केबल मानेजवळून पुढे घेतलेली, छातीवर लोंबती, गोधडीच्या तुकड्यावर बरोबर बसलेली. खाली तेच यंत्र. अंतर दहा सेंटिमीटर असेल, कमीच.

केबल अंगाला लावू नये, असा फलक शॉपमध्ये आहे. म्हणून कुणी साहेब, ऑडिटवाला, मी, कुणीही दिसला की केबल आकड्याला जाते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. शॉपमध्ये सगळ्यांनाच माहीत असतं. मापताना आठवलं नाही.

आणखी एक आहे. घरी आल्यावर ट्रंकेतून २००८ ची वही काढली. १८ ऑगस्ट. माझंच अक्षर —

"बॅलन्सरच्या स्प्रिंगा सैल, नवीन येईनात. वजनाने गन वाकडी लागते, स्पॉट तिरका पडतो. आज नवीन आलेल्या सूर्यभानला युक्ती दाखवली — केबल डाव्या खांद्यावर घ्यायची. भार अंगावर, हात मोकळा. स्पॉट सरळ! दुपारपर्यंत सगळी लाइन तसंच करू लागली. मॅनेजरने सर्वांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. स्प्रिंगांची मागणी रद्द केली."

त्या स्प्रिंगा नंतर कुणी मागवल्याच नाहीत. गरज पडली नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा मापलं. सूर्यभानला गनपासून लांब कँटीनजवळ बसवलं आणि बजरंगला उभं केलं. केबल खांद्यावर घ्यायला सांगितली तर तो आकड्याकडे बघायला लागला. फलक आहे नाना, म्हणाला. म्हणालो, आज फलकाकडे बघू नकोस. मीटर त्याच्या डाव्या हाडाखाली धरला. एक स्पॉट.

आकडा आला नाही. माझा मीटर दोन हजारापर्यंत मापतो. त्याच्या वर गेलं की पडद्यावर ओ आणि एल ही दोन अक्षरं येतात. म्हणजे माझ्या आवाक्याबाहेर. सहा वेळा घेतलं. सहा वेळा तेच. आजवर इतकी मापं लिहिली, एवढ्याच ठिकाणी आकड्याच्या जागी अक्षरं लिहावी लागली.

गणिताने बघितलं. ही केबल आत जाणारा आणि येणारा प्रवाह एकत्र नेते, म्हणून लांब गेलं की क्षेत्र झपाट्याने पडतं. अंतर साडेपाच पट कमी तर क्षेत्र तीसपट. ७१ गुणिले तीस. एकवीसशे. बरोबर आहे. हे गणित मला ७ तारखेलाही येत होतं.

मग सूर्यभानजवळ जाऊन बसलो. विचारलं, मी मापलं त्या दिवशी केबल आकड्याला का लावलीस?

त्याला प्रश्नच कळला नाही. म्हणाला, "तुमी मापत हुता की. तुमच्यासमोर कशी खांद्यावर घ्यायची?"

मी दोन्ही मापं सांगितली, ७१ आणि एकवीसशे. तो डब्याचं झाकण लावत होता, ते लावायचं राहिलं. म्हणाला, बारा दिस झाले, काय झालं न्हाई. मी म्हणालो, चक्कर? म्हणाला, न्हाई. मग म्हणाला, एकदा. शुक्रवारी. बसून घेतलं, गेली.

"नाना, तुमी सही केलीय. ऱ्हाऊ द्या. मी उद्यापास्नं आकड्यालाच ठिवतो, आईची आन."

त्याला सांगितलं, स्प्रिंगा सैल आहेत, आकड्यावरून अकराशे स्पॉट होणार नाहीत. हे तुझ्याआधी मला माहीत आहे.

मग जे बोलला ते मान खाली घालूनच. "मला कोयता घेता येनार न्हाई आता. डाक्टर म्हनला, डावा हात लई वर न्यायचा न्हाई. मंग मी जायाचं कुटं?"

त्याला एवढंच म्हणालो, आजपासून गनला हात लावू नकोस. दुपारनंतर बजरंगने दोघांचं काम केलं. कुणी विचारलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

सूर्यभानने रजा टाकली. अहवालाची माझी प्रत दिवसभर खिशात. साहेबांकडे गेलो नाही.

गुरुवार, २३ जानेवारी

गेलो. अहवाल मागे घेतो म्हणून लेखी दिलं. कारण — मापन अचूक, पण कामाची पद्धत प्रत्यक्षातली नव्हती. मग 'मापन अचूक, पण' एवढं खोडलं. साहेबांसमोरच खोडलं. त्यांनी ते बघितलं.

म्हणाले, "मुळेकाका, एजन्सी आली असती तरी त्यांनी आकड्यालाच मापलं असतं. ड्रॉइंगमध्ये तसंच आहे."

हे त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं की स्वतःच्या, कळलं नाही. मी २००८ ची वही बरोबर नेली होती. ते पान दाखवलं. त्यांनी वाचलं आणि खिडकीतून लाइनकडे बघितलं. मग ठेकेदाराला फोन लावला. सूर्यभान गनवरून कायमचा बंद. तीन फेब्रुवारीपर्यंत दुसरं काम निघालं तर निघालं, नाही तर हिशोब.

संध्याकाळी सुप्यात त्याच्या खोलीवर गेलो. त्याने दार उघडलं, बसा म्हणाला नाही. सुरेखाने पाणी दिलं. बोलली तीच. म्हणाली, तुमी खरं सांगितलं ते चांगलं केलं नाना, पर ह्यांनी तुमच्यामुळंच खांदा दिला सोळा वरीस. एवढं ध्यानात ऱ्हावं.

पाणी पिऊन निघालो.

शुक्रवार, २४ जानेवारी

नीलांबरी म्हणाली, इतकं मापता, मग त्यालाच विचारायचं ना, बाबा रे कसं करतोस काम? मी म्हणालो, विचारलं होतं. रोज उभा राहतोस तसा राहा म्हणालो होतो. ती म्हणाली, ते विचारणं नव्हे. ते सांगणं झालं.

मंगळवार, २८ जानेवारी

चौदा स्प्रिंगा आल्या. शनिवारी साहेबांनी स्वतः पुण्याला गाडी पाठवली. सोळा वर्षं न आलेला माल तीन दिवसांत आला. जुन्या उघडून बघितल्या. पाच तुटलेल्या, नऊ नावाला होत्या.

पहिला बॅलन्सर सूर्यभानच्याच गनला बसवला. गन एका बोटाने वर जाते. बजरंगने करून बघितलं. दहा स्पॉट सरळ. अकराव्याला त्याचा हात आपोआप केबल खांद्यावर घेऊन गेला. स्वतःच दचकला. म्हणाला, नाना, ही केबल न्हाई, सवय हाय.

शनिवार, १ फेब्रुवारी

चौदाही झाले. पण स्प्रिंग पुन्हा सैल पडणार, आणि हात पुन्हा खांद्याकडे जाणार. कुणीतरी लाइन बंद असताना रोज प्रत्येक बॅलन्सर ओढून बघायला हवा, ताण लिहून ठेवायला हवा. मी साहेबांना म्हणालो, याला एक माणूस लागेल, आणि सैल स्प्रिंग हाताला कशी लागते हे ज्याला सोळा वर्षं माहीत आहे असा एकच आहे.

साहेब म्हणाले, तो बसणार कुठे? लाइन चालू असताना तर शॉपमध्ये नको.

माझ्या केबिनमध्ये, म्हणालो. तिथे एकही यंत्र नाही.

म्हणाले, मग तेही शंभरच्या खाली आहे म्हणून लिहून द्या. मी म्हणालो, देतो, पण या वेळी मी मापणार नाही. ज्याला बसायचंय तो मापेल.

रविवार, २ फेब्रुवारी

सकाळी सूर्यभान केडगावला घरी आला. शिकायला. त्याला कॉइलजवळ बसवून मीटर दाखवला. इशाऱ्याची शिट्टी ऐंशीवर लावली. कॉइलचा प्रवाह वाढवला की वाजते, त्याने दुरूनच तीनदा करून बघितलं. तिन्ही दिशांचं सांगायला लागलो, तर म्हणाला, कळलं, पाऊस वाऱ्यानं कुनीकडनंबी येतो, तसं. मला ही उपमा सुचली नव्हती. नोंदवतो.

अजून मोकळं बोलत नाही. पण पोहे खाल्ले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सूर्यभानने केबिन मापली. दार ४. टेबल ११. समोरच्या भिंतीजवळचं स्टूल ६. ते त्याचं ठरलं, साहेबांनी तिथेच सही केली.

ते गेल्यावर तो माझ्या खुर्चीकडे वळला. मी म्हणालो, तिकडे काय, मी अठरा वर्षं बसतोय. म्हणाला, नाना, रोज बसता तसं बसा. बसलो. हात लांब करून त्याने मीटर माझ्या छातीशी धरला. शिट्टी वाजली. ८८.

तो मीटर धरून तसाच उभा राहिला.

"असं न्हाई. रोज बसता तसं."

मला कळलं, मी पाठ ताठ करून बसलो होतो. मग मागे रेललो. डोकं भिंतीला टेकवलं. त्याने मीटर माझ्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरला. मी तो स्वतःच कानापाशी धरला. भिंतीपलीकडे पॅनल रूम आहे. तांब्याच्या पट्ट्या, तेराशे अँपिअर, दिवसभर. त्या मीच बसवून घेतल्या होत्या.

४१६.

जाड मॉनिटरचं चित्र टेबलावरच्या ११ लाही थरथरतं. तीन मॉनिटर परत पाठवले होते मी.